डिजिटल कामासाठी मदत कशी मिळवावी : स्वयंसेवी संस्थांसाठी मार्गदर्शन

स्वयंसेवी संस्थेत डिजिटल माध्यमांचे काम सहसा विचारपूर्वक कोणाकडे सोपवले जात नाही. ज्याला मोबाईल जरा बरा हाताळता येतो त्याच्या गळ्यात ते पडते आणि मूळ कामाचा व्याप सांभाळून तो ते जमेल तसे रेटत राहतो. काही महिन्यांनी संकेतस्थळावरचा मजकूर शिळा होतो, फेसबुक पानावरची शेवटची नोंद कधीच होऊन गेलेल्या कार्यक्रमाची असते आणि कार्यकारिणीच्या बैठकीत ‘याचे जाणकार कोणीतरी आपल्याला हवे’ असे कोणीतरी म्हणते. त्या बैठकीनंतर ही जबाबदारी ज्यांच्याकडे आली आहे आणि ज्यांची तंत्रज्ञानाशी जुजबीच ओळख आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो : मदत करायला तयार असलेली माणसे आणि सवलतीत मिळणारी साधने पुष्कळ आहेत, नेमके काय हवे आहे हे एका पानात सांगू शकणाऱ्या संस्था मात्र फार थोड्या आढळतात.

पहिली पायरी : आपल्याकडे काय आहे आणि ते कोणाच्या नावावर आहे

मदत मागायला बाहेर पडण्यापूर्वी एक यादी करावी. संस्थेचे डोमेन (संकेतस्थळाचा नोंदवलेला पत्ता), संकेतस्थळाचे होस्टिंग (त्याच्या फाइली इंटरनेटवर ठेवण्याची जागा), ईमेल खाती, समाजमाध्यमांवरील पाने, व्हॉट्सॲप गट, छायाचित्रांचा साठा, देणगीदारांची यादी, ऑनलाइन देणगी स्वीकारण्याची व्यवस्था असे जे जे काही असेल ते एकाखाली एक लिहावे. प्रत्येकासमोर चार गोष्टी नोंदवाव्यात : ते कोणाच्या नावावर आहे, कोणत्या ईमेलशी व फोन क्रमांकाशी जोडलेले आहे, त्याची मुदत केव्हा संपते आणि आज त्यात प्रत्यक्ष प्रवेश कोणाला आहे. हे काम कंटाळवाणे आहे, पण यादी करताना निम्मे प्रश्न आपोआप उघडे पडतात. डोमेन पूर्वीच्या एखाद्या स्वयंसेवकाने स्वतःच्या नावावर घेतलेले असते, पानाचा एकमेव ॲडमिन संस्था सोडून गेलेला असतो, किंवा पासवर्ड बदलण्याचा संदेश आता बंद पडलेल्या क्रमांकावर जात असतो.

यांत सर्वांत जास्त लक्ष डोमेनकडे द्यावे. संकेतस्थळ पुन्हा बांधता येते, पण हातचा गेलेला पत्ता परत मिळेलच असे नाही. ‘.ऑर्ग’सारख्या आंतरराष्ट्रीय डोमेनची मुदत संपली आणि नूतनीकरण झाले नाही, तर नोंदणी रद्द झाल्यावर साधारणपणे ३० दिवसांचा सोडवणुकीचा काळ मिळतो. त्या काळात जास्तीचे शुल्क भरून डोमेन परत घेता येते. त्यानंतर ५ दिवस ते काढून टाकण्याच्या रांगेत असते आणि मग कोणालाही नोंदवता येते. एखाद्या संस्थेचा जुना पत्ता असा भलत्याच्या हाती पडला, की संस्थेच्या छापील पत्रकांवरून येणारा माणूस त्या भलत्याच्याच पानावर पोहोचतो. म्हणून डोमेन संस्थेच्या नावावर आणि पदाच्या ईमेलवर असावे. सचिव बदलले तरी सचिवांचा ईमेल तोच राहतो. समाजमाध्यमांच्या पानांवर पूर्ण अधिकार असलेल्या किमान दोन व्यक्ती असाव्यात आणि प्रत्येक महत्त्वाच्या खात्याला द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डबरोबर दुसरी खूण, जसे फोनवर येणारा कोड) लावावी. एवढे करायला बाहेरच्या कोणाची गरज लागत नाही.

दुसरी पायरी : गरज लिहून काढणे

‘आम्हाला सोशल मीडियावर यायचे आहे’ ही गरज नव्हे. अशा वाक्याला कोणी होकार दिलाच, तर तो स्वतःच्या आवडीचे काहीतरी करून जाईल. गरज लिहिताना कोणी, काय पाहून, पुढे काय करावे अशी आपली अपेक्षा आहे, हे तीन दुवे जोडले गेले पाहिजेत. रक्तदात्यांची संघटना असेल तर पूर्वी रक्त दिलेल्यांना पुढच्या शिबिराची तारीख वेळेवर कळावी आणि त्यांनी नाव नोंदवावे, ही गरज झाली. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना भेटी देणारा गट असेल तर नव्या स्वयंसेवकांनी फोन न करता अर्ज भरावा आणि तो एकाच जागी जमा व्हावा, ही झाली. अशी वाक्ये लिहिताना कधी कधी ध्यानात येते की खरी अडचण डिजिटल नाहीच. आलेल्या अर्जाला उत्तर देणारे माणूसच संस्थेत नाही. ती अडचण कोणत्याही संकेतस्थळाने सुटणार नाही आणि ती आधी सोडवणे बरे.

यानंतर आपल्याला हवी असलेली मदत कोणत्या जातीची आहे ते ठरवावे, कारण बहुतेक फसलेल्या प्रयत्नांच्या मुळाशी इथलाच घोटाळा असतो. काही कामे एकदाच करायची असतात : संकेतस्थळ उभारणे, देणगीचा अर्ज जोडणे, विखुरलेल्या याद्या एकत्र करणे. काही रोजची असतात : मजकूर टाकणे, संदेशांना उत्तर देणे, यादी अद्ययावत ठेवणे. काही वेळा प्रत्यक्ष कामापेक्षा शिकवणी हवी असते, म्हणजे आपल्याच कार्यकर्त्याला छोटी चित्रफीत कापता-जोडता यावी एवढेच. आणि काही वेळा फक्त सल्ला हवा असतो, जसे की तीन कंपन्यांच्या प्रस्तावांपैकी कोणता घ्यावा. एकदाच करायचे काम आणि सल्ला यांसाठी बाहेरचा स्वयंसेवक उत्तम. शिकवणीसाठीही चांगला, मात्र शिकणारा आधी ठरलेला असला पाहिजे. रोजचे काम मात्र बाहेरच्या स्वयंसेवकावर टाकू नये. तो परीक्षा, नोकरी, आजारपण यांपैकी कशामुळे तरी दोन-चार महिन्यांत थांबतो आणि त्यात त्याचा काही दोष नसतो. रोजच्या कामासाठी आतलाच माणूस हवा, मग तो आठवड्यातून दोनच तास देणारा का असेना.

हे सगळे एका पानात बसवावे. संस्था काय करते याची दोन वाक्ये, अडचण, हवे असलेले काम, ते पूर्ण झाले हे कशावरून समजावे, साधारण किती तासांचा अंदाज, केव्हापर्यंत, आणि संस्थेकडून संपर्क कोणाशी साधायचा. संस्थेचा इतिहास, पुरस्कार आणि मान्यवरांची नावे या पानावर नकोत. तासांचा अंदाज करता येत नसेल तर काम आणखी लहान करावे. ‘संकेतस्थळ बनवणे’ याऐवजी ‘पाच पानांच्या संकेतस्थळाचा आराखडा आणि त्यातला मजकूर नक्की करणे’ हे पहिले काम धरले, तर होकार मिळण्याची शक्यता वाढते आणि माणूसही पारखता येतो.

तिसरी पायरी : कोठे शोधावे

शोधाची सुरुवात जवळून करावी. संस्थेचे सभासद, देणगीदार, लाभार्थ्यांच्या घरची मंडळी यांच्यात या क्षेत्रात नोकरी करणारे कोणी ना कोणी असतेच. त्यांना आजवर कोणी विचारलेले नसते इतकेच. त्याहून दुर्लक्षित राहणारी जागा म्हणजे आपल्याच आकाराची दुसरी संस्था. तिने नुकतेच तेच काम करून घेतलेले असते, कोणते साधन चालले व कोणते सोडून द्यावे लागले हे तिला ठाऊक असते आणि तिला आपल्याला काही विकायचे नसते. अशा संस्थेच्या कार्यकर्त्याबरोबर घालवलेला एक तास मला अनेक कार्यशाळांहून मोलाचा वाटतो. महाविद्यालयांच्या संगणक, माध्यम आणि संकल्पन विभागांकडून विद्यार्थी मिळू शकतात, पण त्यांचे वेळापत्रक सत्रावर चालते. परीक्षेच्या तोंडावर काम देऊ नये आणि शक्य तर मार्गदर्शक प्राध्यापकांनाही त्यात जोडून घ्यावे.

त्यानंतर जोडणी करून देणाऱ्या संस्थांकडे वळावे. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमाची ऑनलाइन स्वयंसेवा सेवा नागरी संस्थांना दूरवरून काम करणारे स्वयंसेवक मिळवून देते आणि त्यासाठी शुल्क घेत नाही. लेखन, भाषांतर, चित्ररचना, संकेतस्थळाची दुरुस्ती अशी ठरावीक मुदतीची कामे तिथे मांडता येतात. टेकसूप ही १९८७ साली सान फ्रान्सिस्कोत वेगळ्या नावाने सुरू झालेली संस्था. संगणक जाणणारे स्वयंसेवक आणि ना-नफा संस्था यांची गाठ घालून देणे हे तिचे सुरुवातीचे काम होते. आज ती भागीदार संस्थांमार्फत अनेक देशांत सॉफ्टवेअरच्या देणग्या व सवलती पोहोचवते, आणि अर्जदार संस्था खरोखर ना-नफा आहे याची पडताळणीही करते. भाषांतराची गरज असेल तर ट्रान्सलेटर्स विदाउट बॉर्डर्स, आणि आकडेवारीच्या विश्लेषणासाठी डेटाकाइंड, अशा एकाच कौशल्याला वाहिलेल्या संस्थाही आहेत. नाव नोंदवण्यापूर्वी आपला देश आणि आपल्या नोंदणीचा प्रकार त्यांच्या अटींत बसतो का, एवढे त्यांच्याच पानावर पाहून घ्यावे.

खाते कोणी बळकावले, संकेतस्थळावर हल्ला झाला किंवा कामाच्या स्वरूपामुळे पाळत ठेवली जात असल्याची शंका आली, तर वेगळी दारे ठोठावावी लागतात. ॲक्सेस नाउ या संघटनेची डिजिटल सुरक्षा मदतवाहिनी नागरी संस्था, पत्रकार आणि मानवी हक्क कार्यकर्त्यांना चोवीस तास विनामूल्य सल्ला देते. क्लाउडफ्लेअर कंपनीचा २०१४ साली सुरू झालेला प्रोजेक्ट गॅलिलिओ हा उपक्रम जोखमीच्या क्षेत्रात काम करणाऱ्या संस्थांच्या संकेतस्थळांना हल्ल्यांपासून मोफत संरक्षण देतो. या पत्त्यांची नोंद संकट येण्यापूर्वीच पहिल्या पायरीतल्या यादीच्या तळाशी करून ठेवावी.

आता साधनांविषयी. गूगल फॉर नॉनप्रॉफिट्समध्ये पात्र ठरलेल्या संस्थांना ईमेल व कागदपत्रांची सेवा विनामूल्य मिळते, कॅन्व्हा आपली सशुल्क सेवा पात्र संस्थांना मोफत वापरू देते, मायक्रोसॉफ्टही सवलती देते. मुक्त सॉफ्टवेअरची वाट तर सर्वांनाच खुली आहे : संकेतस्थळासाठी वर्डप्रेस, कार्यालयीन कामासाठी लिबरऑफिस, आणि सभासद व देणगीदारांच्या नोंदींसाठी खास ना-नफा संस्थांना डोळ्यासमोर ठेवून घडवलेले सिव्हीसीआरएम. सवलतींच्या अटी कंपन्या अधूनमधून बदलतात; म्हणून मोफत मिळाले तरी उद्या पैसे पडू लागले तर आपली माहिती बाहेर काढून दुसरीकडे नेता येईल का, हा प्रश्न आजच विचारावा.

मोफत साधन म्हणजे मदत नव्हे, हे गूगल ॲड ग्रँट्सवरून चांगले समजते. या योजनेत पात्र संस्थेला शोधाच्या निकालांसोबत दिसणाऱ्या जाहिरातींसाठी दरमहा १०,००० अमेरिकी डॉलरपर्यंतची जागा मिळते. आकडा ऐकून कार्यकारिणी हरखते. पण ही रक्कम हातात पडत नाही, चांगले संकेतस्थळ आधीच असावे लागते, आणि जाहिरात पाहणाऱ्यांपैकी किमान ५ टक्के लोकांनी तिच्यावर क्लिक करावे ही अट दरमहा पाळावी लागते. सलग दोन महिने ती मोडली तर खाते तात्पुरते बंद होऊ शकते. म्हणजे शोधशब्द निवडणारे, जाहिरातींचा मजकूर सुधारणारे आणि आकडे पाहणारे कोणीतरी सतत लागते. ज्या संस्थेकडे असे माणूस नाही तिने ही योजना तूर्त बाजूला ठेवावी, असेच मी सांगेन.

चौथी पायरी : विचारणे आणि पारखणे

विचारणा थोडक्यात करावी. ओळख, एका वाक्यात अडचण, अपेक्षित तास, आणि सोबत ते एक पान. एकाच वेळी पन्नास जणांना तोच निरोप धाडण्यापेक्षा पाच जणांना नावाने लिहिलेले पत्र अधिक फळते. नकार आला तर ‘आपल्या माहितीत दुसरे कोणी आहे का’ असे जरूर विचारावे. पुष्कळदा खरा मदतनीस या दुसऱ्या वळणावरच भेटतो.

होकार देणाऱ्याकडून पूर्वीच्या कामाचे एक-दोन नमुने पाहावेत आणि तो अवघड गोष्ट साध्या भाषेत समजावतो का, इकडे लक्ष द्यावे. आपल्याला कळू नये अशा भाषेत बोलणारा माणूस कितीही हुशार असला, तरी तो गेल्यावर त्याचे काम आपल्याला चालवता येणार नाही. मानधन देऊन व्यावसायिक नेमण्यातही कमीपणा नाही. देणगीच्या पैशांचा व्यवहार किंवा संवेदनशील नोंदी हाताळायच्या असतील तर तेच योग्य ठरते. अशा वेळी संकेतस्थळ पूर्ण झाल्यावर वार्षिक खर्च काय येईल, दुरुस्ती कोण करील आणि करार संपल्यावर सर्व फाइली मिळतील का, हे प्रश्न लेखी विचारावेत. शोधयंत्रात पहिला क्रमांक मिळवून देण्याची हमी देणारा आणि हजारो अनुयायी विकत मिळवून देणारा, या दोघांना नम्रपणे निरोप द्यावा.

पाचवी पायरी : काम सुरू होण्यापूर्वीचा लेखी ठराव

विनामोबदला काम असले तरी अर्ध्या पानाचा लेखी ठराव करावा. काय करायचे, काय करायचे नाही, केव्हापर्यंत, संस्थेने कोणता मजकूर व छायाचित्रे कधी द्यायची, आणि तयार झालेल्या कामावर हक्क कोणाचा, हे त्यात यावे. दिरंगाई बहुधा स्वयंसेवकाकडून होत नाही, मजकूर वेळेवर न देणाऱ्या संस्थेकडून होते. म्हणून आपल्या बाजूच्या तारखाही तितक्याच ठळकपणे लिहाव्यात.

मदतनिसाला पासवर्ड देऊ नये, भूमिका द्यावी. बहुतेक साधनांत प्रत्येक व्यक्तीसाठी वेगळे खाते उघडून अधिकार मर्यादित करता येतात. वर्डप्रेसचेच उदाहरण घेतले तर प्रशासक, संपादक, लेखक, योगदानकर्ता व सदस्य अशा चढत्या-उतरत्या भूमिका तयारच असतात, आणि केवळ मजकूर सुधारणाऱ्याला संपादकाची भूमिका पुरते. लाभार्थ्यांची माहिती त्याला कामापुरतीच दाखवावी. काम जमत असेल तर खऱ्या नोंदींऐवजी बनावट नावांच्या नमुना यादीवर करून घ्यावे.

छायाचित्रांच्या बाबतीत मी थोडा कडक आहे. ज्याचे छायाचित्र वापरायचे त्याला ते कोठे दिसणार, किती काळ राहणार आणि नंतर नको वाटले तर कोणाला सांगायचे, हे समजेल अशा भाषेत सांगून संमती घ्यावी. मदत मिळण्याच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाने मान डोलावली, तिला संमती म्हणता येत नाही. मुलांच्या बाबतीत पालकांची परवानगी तर हवीच, शिवाय नाव, शाळा आणि ठिकाण एकत्र कधीही देऊ नये. वैयक्तिक माहितीविषयी आपल्या देशात कोणता कायदा लागू आहे हे सल्लागाराला विचारून घ्यावे. युरोपीय संघात २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या माहिती-संरक्षण नियमावलीनुसार तर माहिती फुटल्याचे कळल्यापासून ७२ तासांच्या आत, लोकांच्या हक्कांना धोका संभवत नसेल तर गोष्ट वेगळी, देखरेख यंत्रणेला कळवावे लागते. हे बंधन लहान संस्थांनाही आहे.

सहावी पायरी : काम चालू असताना

संस्थेच्या बाजूने एकाच व्यक्तीने बोलावे. पाच विश्वस्तांनी पाच ठिकाणांहून रंग बदलण्याच्या सूचना केल्या की उत्तमातला उत्तम स्वयंसेवक महिनाभरात फोन उचलेनासा होतो. सूचना आधी आत गोळा कराव्यात, त्यांतला विरोध आत मिटवावा आणि मग एकत्र कळवाव्यात.

संकेतस्थळ किंवा चित्रे तयार होत असताना ती दृष्टिहीन, कमी दिसणाऱ्या व ऐकू न येणाऱ्या व्यक्तींना वापरता येतील हे सुरुवातीपासून सांगून ठेवावे, कारण नंतर हे करणे दुप्पट कामाचे होते. चित्रांना पर्यायी मजकूर (चित्रात काय आहे ते सांगणारे शब्द), चित्रफितींना लेखी संवाद, आणि अक्षर व पार्श्वभूमी यांच्या रंगांत पुरेसा फरक, एवढ्याने बरेच साधते. जागतिक पातळीवर मान्य असलेल्या सुलभता निकषांत साध्या आकाराच्या मजकुरासाठी हा फरक किमान ४.५ : १ असावा असे म्हटले आहे, आणि तो मोजणारी मोफत साधने उपलब्ध आहेत. फिकट करड्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे देखणी वाटली तरी या निकषात ती नापास होतात.

सातवी पायरी : ताबा घेणे

काम पूर्ण झाल्याची खूण एकच : ते मदतनिसाशिवाय चालवता आले पाहिजे. ताबा घेण्याच्या दिवशी माऊस आपल्या कार्यकर्त्याच्या हाती असावा आणि मदतनिसाने शेजारी बसून नुसते पाहावे. नवी बातमी टाकणे, चुकीचे छायाचित्र काढणे, आलेले अर्ज उतरवून घेणे आणि बॅकअप (राखीव प्रत) घेऊन तो परत बसवून पाहणे, एवढे तरी त्याने तिथेच करून दाखवावे. जिथे तो अडखळेल तिथल्या पायऱ्या लगेच कागदावर उतरवाव्यात. त्याच नोंदींची पुढे मार्गदर्शिका होते, आणि पुढचा कार्यकर्ता बदलला तरी ती उपयोगी पडते.

मदतनीस मध्येच नाहीसा झाला तर रागाचे पत्र धाडू नये. एकदा विचारावे, आठवडाभर वाट पाहावी, आणि जेवढे झाले आहे तेवढ्या फाइली संस्थेच्या साठ्यात आहेत याची खात्री करून ते एक पान नव्या अंदाजासह पुन्हा बाहेर पाठवावे. काम पूर्ण झाले असो वा अर्धवट सुटलेले असो, त्याच दिवशी मदतनिसाचे खाते बंद करून यादीत तशी नोंद करावी आणि त्यालाही ते कळवावे. पुढे कधी काही बिघडले तर संशय त्याच्यावर येत नाही. त्याच पत्रासोबत त्याने नेमके काय केले हे लिहिलेले संस्थेच्या नावाचे प्रमाणपत्र द्यावे, विद्यार्थ्यांना आणि नोकरी शोधणाऱ्यांना ते खरोखर उपयोगी पडते. तीन महिन्यांनी दुसऱ्या पायरीत लिहिलेली गरज काढून पाहावी. शिबिरासाठी नावे नोंदवली जात आहेत का, अर्ज एका जागी येत आहेत का, हे मोजावे आणि जे उत्तर येईल ते आकड्यांसह मदतनिसाला कळवावे.